गाडीपाशी ताट नेणाऱ्या बाया

इतिहासाच्या या भागात आम्ही आज तुम्हाला जरा लांब, अमेरिकेत नेणार आहोत. राजेरजवाडे, लढाया, तह यांचा हा इतिहास नाही. एका हॉटेलच्या धंद्याचा आहे. तुमच्यापैकी कित्येक जणी गटातून खानावळ चालवता, वडापावची गाडी लावता, हमरस्त्याच्या कडेला चहा-नाष्ट्याची टपरी सांभाळता. सकाळची बोहनी काय असते आणि संध्याकाळी उरलेलं पीठ काय असतं, हे तुम्हाला कुणी शिकवायला नको. म्हणून ही गोष्ट आम्ही तुमच्यासाठी निवडली.

अमेरिकेत त्या हॉटेलांना ड्राइव्ह-इन म्हणत. तिथे गिऱ्हाईक गाडीतून उतरतच नसे. मधोमध स्वयंपाकघराची लहानशी इमारत आणि भोवती मोठं मोकळं आवार. लोक मोटार घेऊन आवारात यायचे, गाडी लावायचे आणि गाडीचे दिवे उघडझाप करायचे. दिवे दिसले की एक मुलगी वही-पेन्सिल घेऊन गाडीपाशी जायची. काय हवं ते लिहून घ्यायची आणि आत सांगायची. पदार्थ तयार झाले की ट्रे उचलून पुन्हा गाडीपाशी. त्या ट्रेला आकडे असत, ते गाडीच्या दारावर, काचेच्या कडेला अडकवायचे. घरची सगळी मंडळी गाडीतच बसून जेवत. जेवण आटोपलं की ती मुलगी पुन्हा येऊन ट्रे, पेले, ताटल्या आत नेई.

म्हणजे एका गाडीमागे तीन फेऱ्या. या तीन फेऱ्या ध्यानात ठेवा, आपल्याला पुढे त्यांचं काम आहे.

हे काम करणाऱ्यांना तिकडे ‘कारहॉप’ म्हणत. ‘हॉप’ म्हणजे टुणकन उडी. जुन्या मोटारींना दाराखाली एक पायरी असे. गाडी पुरती थांबण्याआधीच वाढणारी पोरं त्या पायरीवर उडी मारून उभी राहत, त्यावरून हे नाव पडलं असं सांगतात.

हा धंदा सुरू झाला तो मोटारी स्वस्त झाल्यामुळे. फोर्ड कंपनीची ‘मॉडेल टी’ मोटार १९०८ साली ८५० डॉलरला मिळायची. १९२५ सालापर्यंत तीच ३०० डॉलरच्या आत आली. शेतकरी, कारखान्यातले कामगार, शाळामास्तर, सगळ्यांच्या दारात गाडी आली. लोक फिरायला लागले की भूक लागणारच. १९२१ साली टेक्सास राज्यात डॅलस शहराच्या हमरस्त्यावर जेसी कर्बी यांनी ‘पिग स्टँड’ नावाचं हॉटेल काढलं. भाजलेल्या डुकराच्या मांसाचं सँडविच ही तिथली खासियत. गाडीपाशी खाणं नेऊन देणारं पहिलं हॉटेल म्हणून त्याचं नाव घेतात. दहा-बारा वर्षांत त्याच्या शंभराहून जास्त शाखा झाल्या. त्या काळी अमेरिकेत दारूबंदी होती, त्यामुळे दारूचे गुत्ते बंद आणि थंड सरबतांना जोर, याचाही या धंद्याला हातभार लागला.

आता धंदा चालवायचा कसा, ते एका जोडप्याच्या उदाहरणाने पाहू. १९२७ साली विलार्ड मॅरियट नावाच्या तरुणाने राजधानी वॉशिंग्टनमध्ये ‘रूट बिअर’चं दुकान काढलं. नावात बिअर असली तरी ही दारू नव्हे, मुळं-सालींच्या स्वादाचं गोड, फेसाळ सरबत. बसायला जागा फक्त नऊ. त्याच सुमाराला लग्न करून आलेली त्याची बायको ॲलिस हिशोब सांभाळू लागली. एक पेला पाच सेंटला. रात्री गल्ल्यातली चिल्लर सरबताने चिकट झालेली असायची, ती मोजायचं काम ॲलिसचं.

वॉशिंग्टनचा उन्हाळा कडक, त्यामुळे सुरुवातीला विक्री झकास झाली. पण थंडी पडल्यावर गार सरबत कोण पिणार? रसवंती किंवा बर्फगोळा विकणाऱ्या बायकांना हा प्रश्न चांगला ठाऊक आहे. दुकान बंद ठेवायचं की दुसरं काही विकायचं? त्यांनी गरम पदार्थ ठेवायचं ठरवलं. ॲलिसला स्पॅनिश भाषा येत होती. ती मेक्सिकोच्या वकिलातीत गेली आणि तिथल्या स्वयंपाक्याकडून तिखट पदार्थांची कृती मागून आणली. त्या पदार्थांवर दुकान हिवाळ्यातही चाललं. दुकानाचं नावच झालं ‘हॉट शॉप’. पुढे शेजारची जागा घेऊन त्यांनी गाडीपाशी खाणं पोचवायला सुरुवात केली आणि मुलं ट्रे घेऊन धावू लागली. १९५७ साली याच कुटुंबाने मोटारीने प्रवास करणाऱ्यांसाठी पहिलं निवासी हॉटेल बांधलं. आज मुंबई-पुण्यात मॅरियट नावाची जी पंचतारांकित हॉटेलं आहेत, त्यांचं मूळ त्या नऊ खुर्च्यांच्या दुकानात आहे.

ड्राइव्ह-इन चालवणं कागदावर सोपं दिसायचं. टेबलं-खुर्च्या नकोत, मोठा हॉल नको, गिऱ्हाईक आपली बसायची जागा स्वतःच घेऊन येतं! प्रत्यक्षात कटकटी वेगळ्याच होत्या. आवाराची जागा मोठी लागायची आणि शहर वाढलं की त्या जागेचं भाडं वाढायचं. गर्दी ठरावीक वेळी व्हायची, दुपारी जेवायला आणि रात्री सिनेमा सुटल्यावर. तेवढ्यासाठी माणसं मात्र दिवसभर ठेवावी लागायची. काटे-चमचे, पेले गाडीबरोबर निघून जायचे. कॉलेजातली पोरं एक-एक शीतपेय घेऊन दोन-दोन तास गाडी अडकवून बसायची, कर्णे वाजवायची. मग जेवायला आलेलं कुटुंब जागा नाही म्हणून परत जायचं. शेजाऱ्यांच्या तक्रारी आल्या की नगरपालिका नियम लावायची. पावसात आणि बर्फात तर आवार रिकामंच.

हे सगळे खर्च मालकाच्या वहीत यायचे. पाव किती, मांस किती, फुटलेले पेले किती, विजेचं बिल किती. आता त्या तीन फेऱ्या आठवा. त्यांचा खर्च वहीत कुठे होता?

बऱ्याच ठिकाणी नव्हताच. सुरुवातीला हे काम पोरं करत. पुढे मालकांच्या लक्षात आलं की देखण्या तरुण मुली ठेवल्या तर गाड्या जास्त थांबतात. मग त्यांना भडक गणवेश, तोकडे कपडे, उंच बूट आणि टोपी असा साज आला. काही ठिकाणी तर चाकांचे बूट घालून ट्रे न्यायला लावत. १९४० साली ‘लाइफ’ या नामांकित साप्ताहिकाने ह्यूस्टन शहरातल्या अशा एका मुलीचा फोटो मुखपृष्ठावर छापला. फोटोत सगळं छान दिसतं. पगाराचं मात्र तसं नव्हतं. कित्येक हॉटेलांत या मुलींना पगार अगदी नावाला असे, नाहीतर नसेच. गिऱ्हाइकाने खुशीने दिलेली टिप हीच कमाई. पाच सेंट, दहा सेंट. काही ठिकाणी गणवेशाचे पैसेही मुलीनेच भरायचे.

आणखी एक पद्धत होती, ती ऐकून तुम्ही चकित व्हाल. मुलीने स्वतःच्या जवळच्या पैशाने स्वयंपाकघरातून पदार्थ जणू विकत घ्यायचा आणि मग गिऱ्हाइकाकडून ते पैसे वसूल करायचे. गिऱ्हाईक पैसे न देता गाडी हाकून निघून गेलं तर तोटा तिचा. हॉटेल मालकाचं, नफा मालकाचा आणि बुडीत खातं त्या मुलीचं!

कायदा नव्हता का? १९३८ साली अमेरिकेत किमान वेतनाचा कायदा झाला. तासाला निदान २५ सेंट द्यायचे असं त्यात होतं. पण हॉटेलात राबणारी बहुतेक माणसं त्या कायद्याच्या बाहेर ठेवली होती. शेतमजुरांनाही वगळलं होतं. घाम गाळणारे हात मोजताना कोणते हात नेमके विसरले जातात, ते बघा.

मग दुसरं महायुद्ध आलं. १९४२ च्या सुरुवातीला टायरांवर रेशन लागलं, त्याच वर्षी साखरेवर आणि पेट्रोलवर, १९४३ मध्ये मांसावर. मुंबईतही १९४३ साली धान्याचं रेशनिंग सुरू झालं होतं. गाडीशिवाय ड्राइव्ह-इन कसं चालणार? कित्येक बंद पडली. जी टिकली त्यांतली पुरुष माणसं सैन्यात गेली आणि वाढण्याचं काम बहुतेक बायकांच्या हातात आलं. युद्ध संपल्यावर पेट्रोल सुटलं, सैनिक घरी आले, लग्नं झाली, मुलं झाली, नव्या गाड्या निघाल्या. १९५० साली अमेरिकेत सुमारे चार कोटी मोटारी होत्या. ड्राइव्ह-इनचे ते भरभराटीचे दिवस.

आणि नेमक्या त्या भरभराटीत दोघा भावांनी आपलं चालतं हॉटेल बंद केलं. रिचर्ड आणि मॉरिस मॅकडोनाल्ड. कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनो गावात १९४० पासून त्यांचं ड्राइव्ह-इन होतं. वीसेक कारहॉप मुली, पंचवीसेक पदार्थ, शनिवार-रविवारी आवार गाड्यांनी भरलेलं. पैसाही चांगला येत होता. पण स्वयंपाकी टिकत नव्हते, काटे-चमचे हरवत होते आणि मुलींच्या मागे टवाळ पोरं गोळा व्हायची, म्हणून कुटुंबं येईनाशी झाली होती. भावांनी बिलं काढून तपासली तेव्हा दिसलं की विक्रीचा बहुतेक भाग एकट्या हॅम्बर्गरचा आहे, म्हणजे पावात घातलेल्या मांसाच्या टिक्कीचा. बाकीच्या पदार्थांचा नुसता पसारा.

१९४८ च्या शरद ऋतूत त्यांनी हॉटेलला टाळं लावलं. कमी पावलं पडतील अशी स्वयंपाकघराची नव्याने मांडणी केली. तीन महिन्यांनी, डिसेंबरात, हॉटेल पुन्हा उघडलं. पदार्थ फक्त नऊ. काचेचे पेले आणि ताटल्या गेल्या, कागदी पिशव्या आणि पेले आले. तीस सेंटचा हॅम्बर्गर पंधरा सेंटला. आणि कारहॉप एकही नाही. गिऱ्हाइकाने गाडीतून उतरायचं, खिडकीशी यायचं, स्वतः घ्यायचं.

सुरुवातीला लोक आवारात गाडी लावून कर्णे वाजवत बसले, कुणी येत नाही म्हणून रागावून गेले. काही महिन्यांनी मात्र खिडकीपुढे रांगा लागल्या. १९५४ साली मिल्कशेकची यंत्रं विकणारे रे क्रॉक तिथे आले आणि थक्क झाले. त्यांनी शाखा काढायला सुरुवात केली आणि १९६१ साली २७ लाख डॉलर देऊन भावांकडून सगळा धंदा विकत घेतला. तेच मॅकडोनाल्ड्स १९९६ साली मुंबईतही आलं.

दर निम्मे कसे झाले, हे आपण नीट समजून घेऊ. स्वयंपाकघरातली पावलं वाचली आणि पदार्थ कमी झाले, हा एक भाग. दुसरा भाग असा की त्या तीन फेऱ्या आता गिऱ्हाईक स्वतः मारू लागलं. म्हणजे फेऱ्यांना किंमत होतीच! वर्षानुवर्षं ती वहीत लिहिली नव्हती. मुली काढून टाकल्या तेव्हा ती दिसली. आणि पुढच्या शाखांमध्ये या कामावर जवळजवळ १९६० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत बायकांना घेतलंच नाही. बायका ठेवल्या की पोरं घोटाळतात, हे कारण. घोटाळणारी पोरं राहिली बाजूला, रोजगार गेला मुलींचा.

त्याच १९४८ साली, त्याच राज्यात, हॅरी आणि एस्थर स्नायडर या जोडप्याने बाल्डविन पार्क गावात ‘इन-एन-आउट’ हे दुकान काढलं. तिथे कारहॉपऐवजी बोलण्या-ऐकण्याचं यंत्र बसवलं होतं. गाडीतूनच सांगायचं, पुढे जाऊन खिडकीतून घ्यायचं. हॅरी पहाटे बाजारातून माल आणायचा आणि एस्थर हिशोब ठेवायची. युद्धात तिने नौदलाच्या महिला विभागात काम केलेलं होतं. तिने हिशोबाची वही पुढची कित्येक वर्षं सोडली नाही आणि म्हातारपणी ती कंपनीची अध्यक्ष झाली. ॲलिस आणि एस्थर, दोघींच्या हाती वही होती, म्हणून दोघींची नावं आज आपल्याला सांगता येतात. ट्रे नेणाऱ्या हजारो मुलींपैकी किती जणींची येतात?

या धंद्याची आणखी एक बाजू सांगितल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही. गाडी सगळ्यांची असली तरी ताट सगळ्यांसाठी नव्हतं. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत कृष्णवर्णीय माणसं हॉटेलच्या चुलीपाशी राबायची, पण गिऱ्हाईक म्हणून आली तर त्यांना वाढत नसत. आपल्याला हे समजवून सांगावं लागत नाही. पाण्याला हात लावू देत नाहीत म्हणून १९२७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह करावा लागला. आपल्या संविधानाच्या पंधराव्या कलमात तर दुकानं आणि सार्वजनिक उपाहारगृहं यांचा स्पष्ट उल्लेख आहे. तिथे कुणालाही जातीवरून अडवता येणार नाही, असं ते कलम सांगतं.

अमेरिकेत तसा कायदा जुलै १९६४ मध्ये झाला. पुढच्याच महिन्यात साउथ कॅरोलायना राज्यात ॲन न्यूमन ही कृष्णवर्णीय बाई ‘पिगी पार्क’ नावाच्या ड्राइव्ह-इनमध्ये गेली. वाढणारी मुलगी गाडीपाशी आली, गाडीत कोण आहे ते पाहिलं आणि काही न लिहिता परत फिरली. ॲनबाईंनी आणि त्यांच्या सोबत्यांनी दावा लावला. खालच्या न्यायालयाने काय म्हणावं? इथली निम्म्याहून जास्त गिऱ्हाइकं खाणं घेऊन निघून जातात, आवारात खात नाहीत, म्हणून ड्राइव्ह-इनला हा कायदा लागूच नाही! वरच्या न्यायालयाने १९६७ साली ते फिरवलं. १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक गोष्ट सांगितली. असा दावा जिंकणारी व्यक्ती एकट्यासाठी भांडत नाही, साऱ्या समाजासाठी भांडते, तेव्हा तिच्या वकिलाचा खर्च सर्वसाधारणपणे हरलेल्या पक्षाने द्यावा. म्हणजे न्यायालयानेही हेच म्हटलं की बाईने उपसलेले कष्ट कुणाच्या तरी वहीत लिहिले गेले पाहिजेत.

आणि त्या ट्रे नेणाऱ्या मुली? १९६६ साली कायदा बदलला आणि हॉटेलातल्या कामगारांनाही किमान वेतन लागू झालं. पण त्यातही पाचर मारली. किमान वेतनाच्या निम्म्यापर्यंतची रक्कम टिपेतून वळती करायची मालकाला मुभा मिळाली. म्हणजे गिऱ्हाइकाने खुशीने दिलेल्या पैशातून मालकाची अर्धी जबाबदारी भागली. पुढे १९९१ साली टिप घेणाऱ्यांसाठी देशाच्या कायद्याने ठरवलेला दर तासाला २ डॉलर १३ सेंट झाला, आणि त्यानंतर तीस वर्षं उलटली तरी तो तिथेच राहिला. काही राज्यांनी स्वतःहून जास्त दिला, ते सोडून.

तोवर ड्राइव्ह-इनचे दिवस सरले होते. १९५६ नंतर मोठे महामार्ग झाले, जुने रस्ते ओस पडले, त्यांच्या कडेची हॉटेलंही बसली. आपल्याकडे गावाबाहेरून बाह्यवळण झालं की एसटी थांब्यावरच्या टपरीचं काय होतं, तसंच हे. ‘सॉनिक’सारख्या मोजक्या ठिकाणी आजही गाडीपाशी ट्रे येतो.

मैत्रिणींनो, या गोष्टीतून आम्हाला तुमच्यापुढे एकच मुद्दा ठेवायचा आहे. पिठलं-भाकरीच्या थाळीचा दर ठरवताना आपण पीठ धरतो, बेसन धरतो, तेल धरतो, गॅस धरतो. पहाटे चारला उठून पीठ मळणारीची मजुरी धरतो का? थाळी टेबलापाशी नेणारीची? शेवटी भांडी घासणारीची? ‘घरचीच माणसं आहेत, त्यांचं काय लिहायचं’ असं म्हणून आपण जो आकडा सोडतो, तो शून्य नसतो. मॅकडोनाल्ड भावांनी पावलं मोजली तेव्हा त्यांचं नशीब पालटलं. मात्र ती मोजली ती मुलींना काढून टाकण्यासाठी. आपण मोजू ती आपल्या बायांना त्यांचा दाम देण्यासाठी.

तेव्हा गटाच्या येत्या बैठकीत खर्चाची वही उघडाल, तेव्हा तेल-मिठाच्या खाली एक ओळ वाढवा. तिथे प्रत्येकीचं नाव, तिचे तास आणि तिची मजुरी लिहा. मग थाळीचा दर पुन्हा मांडून बघा. काय आकडा आला, त्यावर गटात चर्चा करा आणि आम्हालाही कळवा.